मोठ्या कंपनीत सेल्सची नोकरी : कोल्हापुरातले अनुभव सांगा

पंचगंगाकाठ
मंडळी, भाच्यासाठी विचारतोय. यंदा मार्केटिंगमध्ये एमबीए झाला. साबण, शाम्पू, पेस्ट, बिस्किटं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीची ऑफर हातात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, पण तुमच्या न्हाणीघरात तिचं काहीतरी असणारच. पद टेरिटरी सेल्स ऑफिसर (टीएसओ), हेडक्वार्टर कोल्हापूर, हाताखाली करवीर, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा. सीटीसी (म्हणजे कंपनीला वर्षाला पडणारा सगळा खर्च) ४.२ लाख. पत्र मात्र कंपनीचं नाही, पुण्याच्या कुठल्यातरी एजन्सीचं आहे. पोरगं म्हणतंय, "मामा, काम कंपनीचंच की." दुसरीकडं शिरोलीत एका फौंड्रीत खरेदी खात्यात २२ हजारांवर बोलावलंय. ताईचं म्हणणं फौंड्री नको. दाजींना पाहुण्यांत कंपनीचं नाव सांगायला बरं वाटतंय. ज्यांनी असल्या कंपनीत काढलीत वर्षं, सेल्सला असो, फॅक्टरीत असो, ऑफिसात असो, त्यांनी खरं काय ते लिहा.

तांबडापांढरा
पाहुण्यांत सांगायलाच नाव पाहिजे असेल तर आधी लग्न उरका, मग राजीनामा द्या. लई जणांनी असंच केलंय.

बीटवाला
या लाईनीत मी डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन म्हणून शिरलो, पुढं थर्ड पार्टीवर (म्हणजे एजन्सीकडनं) टीएसओ, शेवटी कंपनीच्या पेरोलवर. आता बाहेर आहे, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

'कंपनीत आहे' म्हणणारे सगळे कंपनीत नसतात. एक कंपनीच्या पेरोलवरचा. दुसरा एजन्सीच्या पेरोलवरचा, तुमचा भाचा यातला. तिसरा डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, ज्याचा पगार डिस्ट्रिब्युटर देतो आणि कंपनी त्यातला काही भाग कधी देते, कधी अडकवते. टीशर्टवर लोगो सगळ्यांच्या एकच. दुकानदार तिघांनाही 'कंपनीवाला आला' म्हणतो आणि मागच्या महिन्याच्या स्कीमचे पैसे तिघांनाही मागतो.

कामाचं म्हणाल तर सकाळी साडेआठ-नऊला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामावर मीटिंग. कालचं किती बिल कटलं, आज कुठली बीट (दुकानांची ठरलेली फेरी), कुठला माल ढकलायचा. मग एका सेल्समनच्या मागं गाडीवर. दिवसाला चाळीसेक दुकानं व्हायची, शहरात जास्त, डोंगराकडं कमी. प्रत्येक दुकानात ॲपवर एंट्री, त्याशिवाय हजेरी नाही. गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर. पावसाळ्यात तिथं रेंज गेली की ॲपच्या मते तुम्ही घरी झोपलेले असता. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा, साहेबांनी अंगठा दाखवला की हजेरी भरली.

हे सगळं माणूस सहन करतो. खरा ताप २५ तारखेनंतर. प्रायमरी म्हणजे कंपनीनं डिस्ट्रिब्युटरला फाडलेलं बिल, सेकंडरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरनं दुकानदाराला फाडलेलं. भाषणात सगळे सेकंडरी सेकंडरी करतात, पण रात्री साडेदहाला जो फोन येतो तो प्रायमरीचा. गोदामात आधीच महिन्याचा माल पडलेला असतो आणि टीएसओनं जाऊन म्हणायचं, "शेठ, अजून तीन लाखाचं घ्या, माझं क्लोजिंग अडलंय." शेठ भला असला तर घेतो. नसला तर एएसएमच्या (एरिया सेल्स मॅनेजरच्या) कॉन्फरन्स कॉलवर सगळ्यांसमोर तुमचं नाव निघतं. भाच्याचा स्वभाव भिडस्त आहे का? असेल तर अवघड आहे बघा.

लक्ष्मीपुरीकर
बीटवाला यांनी 'शेठ भला असला तर' लिहिलंय, म्हणून या भल्या शेठचीही बाजू ऐका. :)

आमच्याकडं दोन कंपन्यांची डिस्ट्रिब्युटरशिप आहे. मार्जिन चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्यातून गोदामभाडं, छोटा हत्ती, डिझेल, दोन हमाल, सेल्समनचे पगार, बँकेचं व्याज. वरनं दुकानदाराची उधारी. महिनाअखेरीला ढकललेला माल आम्ही उचलतो तेव्हा तो कुठं जातो? होलसेलला. आपलं मार्जिन सोडून, कधी पदरचे अर्धा टक्का घालून. मग तोच माल कोल्हापूरजवळच्या गांधीनगर बाजारात फिरतो, निपाणीकडं जातो, तिकडचा माल इकडं येतो. आणि पुढच्या महिन्यात तेच साहेब विचारतात, "तुमच्या एरियात बाहेरचा माल कसा शिरतो?"

सप्टेंबर २०२५ मध्ये तर मजाच झाली. जीएसटी कमी होणार हे कळलं. अंघोळीचा साबण, शाम्पू, पेस्ट, केसांचं तेल २२ सप्टेंबरपासून १८ वरनं ५ टक्क्यांवर येणार. कपड्याची पावडर १८ वरच. दुकानदारानं हात आखडता घेतला, त्याचं बरोबरच होतं, जुन्या भावाचा माल कोण घेणार? बीटवर सेल्समन नुसता चहा पिऊन परत यायचा. प्रायमरीचं टार्गेट मात्र तसंच. आमचा त्या वेळचा टीएसओ, असंच एमबीए झालेलं पोरगं, माझ्यासमोर खुर्चीत बसून फोनवर "येस सर, होईल सर" म्हणत होतं आणि पेननं बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर भोकं पाडत होतं. वाईट वाटलं. तरी माल नाही घेतला मी.

तांबडापांढरा
तो पुठ्ठा फ्रेम करून एचआरला पाठवायला पाहिजे होता शेठ.

साबणवाला
मी सेल्सचा नाही, फॅक्टरीतला. पुण्याच्या पलीकडं एका मोठ्या प्लांटला साबणाच्या लाईनवर होतो, कंत्राटदाराकडून. लोकांना वाटतं साबण म्हणजे कढईत उकळतात. तसं नसतंय. शेवयांसारख्या नूडल्स पोत्यातनं येतात, मिक्सरमध्ये सुगंध, रंग पडतो, मग रोलरमधनं दळून प्लॉडर नावाच्या दाबणाऱ्या मशीनमधनं लांबच लांब पट्टा बाहेर येतो, कटर, स्टॅम्पर, रॅपर. मशीन चालू असलं की बघत राहावं. ते थांबलं की मात्र सुपरवायझर धावत येतो, कारण थांबलेलं प्रत्येक मिनिट बोर्डावर लाल दिसतं.

चांगलं सांगायचं तर सेफ्टी कडक. बूट, कानात प्लग, जाळीची टोपी, जेवण स्वच्छ, बस वेळेवर. आमच्या गावाकडच्या कुठल्याच कारखान्यात इतकं नव्हतं. वाईट हे की परमनंट आणि आम्ही एकाच लाईनवर, एकच काम, पगारात निम्म्याहून जास्त फरक. कॅन्टीन एक, पण दिवाळीला त्यांच्या हातात मोठी पिशवी, आमच्या हातात छोटी. दोन्हीत त्याच कंपनीचा साबण.

अवांतर : घरी आलो तरी अंगाला लिंबाचा वास जायचा नाही. बायको म्हणायची, तुम्हाला अंघोळीचीच गरज नाही.

रंकाळवेस
अवांतर विचारतो, नूडल्स सगळ्या साबणांना सारख्याच असतात का? मग दहाचा आणि पन्नासचा साबण यात फरक काय?

साबणवाला
@रंकाळवेस, सारख्या नसतात. पाकिटावर टीएफएम बघा, म्हणजे चरबीचा अंश. ७६ टक्क्यांच्या वर ग्रेड १, त्याखाली २ आणि ३. ज्यावर 'बाथिंग बार' लिहिलंय तो वेगळाच प्रकार. बाकी फरक वासाचा आणि हिरोइनीचा.

मुंबईतला_कोल्हापुरी
सगळा सूर रडका लागलाय, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूनं. मी अशाच एका कंपनीत मार्केटिंगला आहे, अर्थात पेरोलवर. शिकायला मिळतं ते दुसरीकडं मिळत नाही, हे मान्य करा. एका पाकिटाची किंमत एक रुपयानं वाढवायची का वजन चार ग्रॅम कमी करायचं, यावर आमच्याकडं आठवडे घालवतात, आकडे काढतात, खेड्यात जाऊन बायकांशी बोलतात. देशातल्या निम्म्या कंपन्यांचे मोठे साहेब याच शाळेतनं बाहेर पडलेत. जुन्या हिंदुस्थान लिव्हरचं तर प्रसिद्धच आहे. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात सत्तरच्या दशकात त्यांनी ग्रामविकासाचं काम काढलं आणि पुढं आयआयएममधनं आलेल्या ट्रेनींना तिथं काही आठवडे खेड्यात राहायला, 'स्टिंट'ला, पाठवायचे. एसीत बसून साबण विकता येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

प्रेशर आहेच. पण प्रेशर कुठं नाही? फौंड्रीत डिस्पॅच अडकला की तिथला मालक काय आरती ओवाळतो?

बीटवाला
@मुंबईतला_कोल्हापुरी, साहेब, तुमचं सगळं खरं, पण ते आठवडे राहणारे ट्रेनी पुढं मॅनेजर होतात. आमचा ऑफ-रोलवाला, म्हणजे एजन्सीच्या पेरोलवरचा, तिथंच जन्म काढतो, आणि तो राहतो त्याला स्टिंट म्हणत नाहीत. भाच्याला त्या शाळेत बाकावर बसवणार आहेत का व्हरांड्यात, एवढंच विचारून घ्या. 'दोन वर्षांत ऑन-रोल करू' असं तोंडी सगळेच सांगतात. आमच्या बॅचमधले झालेले हाताच्या बोटांवर. होतात, नाही असं नाही, मी झालो. पण माझ्या वेळी एक जागा रिकामी पडली आणि एएसएम आमच्या भागातला होता, हेही खरं.

पगारपत्रक
एचआरमध्ये काम करते, या क्षेत्रात नाही पण थर्ड पार्टीचे कागद रोज हाताखालून जातात. धागाकर्त्यांनी ऑफर लेटरचं ब्रेकअप टाकलं नाही, म्हणून अंदाजानं मांडते.

४.२ लाखांत ६० हजार इन्सेंटिव्ह धरलं असेल (बहुतेक असतंच), तर फिक्स ३.६ लाख, महिना ३० हजार. बेसिक १५ हजार समजा. त्या तीसमध्येच मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ७२१ धरलेले असतात. उरले २७,४७९. त्यातनं स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण साडेपंचवीस. आता पेट्रोल. टीए (प्रवासभत्ता) वेगळा आहे का याच्यातच, हे बघा. याच्यातच असेल तर फौंड्रीचे २२ हजार आणि हे जवळजवळ एकच.

पगार २१ हजारांच्या वर असल्यानं ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होणार नाही. म्हणजे मेडिक्लेम कोणाचा, किती लाखांचा, आईवडील आहेत का त्यात, हे विचारायचं. दिवसभर टू-व्हीलरवर असणाऱ्या पोराला अपघात विमा वेगळा हवाच.

ग्रॅच्युइटीबद्दल लोक गाफील असतात. जुन्या नियमात सलग पाच वर्षं लागायची, आणि एजन्सी चौथ्या-पाचव्या वर्षात बदलली की नवीन एजन्सीत पुन्हा शून्यापासून. माणूस तोच, बीट तीच, साहेब तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात निश्चित मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतरही हिशेबानं ग्रॅच्युइटी मिळते. पण त्यासाठी पत्रात करार निश्चित मुदतीचा आहे असं लिहिलेलं हवं. एजन्सीचं पत्र नीट वाचा, विशेषतः 'ट्रान्सफर' आणि 'सेपरेशन' हे परिच्छेद. फोटो टाकू नका इथं, मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

तांबडापांढरा
पगारपत्रक ताई, दंडवत. माझं स्वतःचं पत्र दहा वर्षं कपाटात आहे, आज पहिल्यांदा काढून वाचणार.

काउंटरवाली
सगळे पुरुषच लिहितायत. आम्हीही असतो की कंपनीत. ब्युटी ॲडव्हायझर म्हणतात आम्हाला, मॉलमध्ये आणि मोठ्या दुकानांत काउंटरला. गालाला क्रीम लावून दाखवायचं, शेड जुळवायची, टार्गेट आम्हालाही. सकाळी अकरा ते रात्री नऊ उभं. बसायला स्टूल असतं, पण सुपरवायझरच्या अचानक भेटीत कोणी बसलेलं दिसलं की फोटो ग्रुपवर. केरळनं २०१८ साली आणि तमिळनाडूनं २०२१ साली दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यातच लिहून दिला. आपल्याकडं अजून स्टूल शोभेचं.

एक गोष्ट मात्र सांगते. माझं माहेर शाहूवाडीकडं. बारावीनंतर घरात बसलेली मी या कामामुळं कोल्हापुरात आले, माणसांशी बोलायला शिकले, इंग्रजी नावं चुकायची ती थांबली. ट्रेनिंगला हॉटेलात ठेवलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून सगळं वाईटच, असं माझ्याकडनं लिहवत नाही.

रंकाळवेस
+१. हा प्रतिसाद आवडला.

गारगोटीवाला
किराणा दुकानदार. सेल्समनचं कामच बघायचं असेल तर माझ्या दुकानात एक तास बसा. सकाळपासनं पाच कंपन्यांचे पाच येतात. एकाला मी म्हणतो उद्या, दुसऱ्याला म्हणतो मालक बाहेर गेलेत (मालक मीच), तिसऱ्याला डॅमेज दाखवतो. उंदरानं बिस्किटाचा बॉक्स कुरतडला, क्लेम मागितला, तर म्हणतो रॅपर पाहिजे, बॅच नंबर पाहिजे. अरे बाबा, बॅच नंबरच उंदरानं खाल्लाय! त्याचा फोटो काढून नेला, चार महिने झाले. पुढच्या वेळी उंदराला सांगतो तारीख सोडून खा म्हणून.

पण पोरगं कोणतं टिकणार ते मला दोन फेऱ्यांत कळतं. जो आल्या आल्या मोबाईल काढून "काका, या महिन्याची ऑफर" सुरू करतो तो गेला. जो आधी माझ्या रॅकवरचा जुना माल पुढं काढून ठेवतो, शाम्पूच्या लडी गुंतलेल्या सोडवून टांगतो, त्याला मी नको असलं तरी दोन बॉक्सची ऑर्डर देतो.

लक्ष्मीपुरीकर
गारगोटीवाले, तुमचा उंदीर प्रसिद्ध आहे. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत विषय निघाला होता.

डॅमेजवरनं आठवलं. कंपनीला नुसत्या शिव्याच नकोत. २०१९ च्या पुरात आमचं शाहूपुरीतलं गोदाम पाण्यात होतं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गाड्या पलीकडं अडकलेल्या. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर पावडरीचे खोके विरघळून गुडघाभर फेस. एका कंपनीनं माणूस पाठवून मोजदाद केली आणि सगळा माल बदलून दिला, एक प्रश्न न विचारता. दुसरीनं विमा आहे का विचारलं, आणि त्याच महिन्याचं टार्गेट दहा टक्के कमी केलं, उपकार म्हणून. दोन्ही बड्याच. त्यामुळं 'मोठी कंपनी कशी असते' याला एक उत्तर नाही. तुमचा एएसएम कोण, यावर निम्मं ठरतं.

जुनाखेळाडू
आमचे वडील लक्ष्मीपुरीत दिवाणजी होते. ते सांगायचे, लिव्हरचा माणूस आला की शेठ उठून उभे राहायचे, माल मिळावा म्हणून. मग अहमदाबादेहून निरमा आली. करसनभाई पटेलांनी १९६९ साली घरात पावडर बनवून सायकलवरनं विकायला सुरुवात केली होती, ती पिवळी पावडर ऐंशीच्या दशकापर्यंत घराघरात. निरमाला उत्तर म्हणून लिव्हरला व्हील पावडर काढावी लागली. तेव्हापासनं कंपनीचा माणूस उभा आणि शेठ बसलेले.

बीटवाला
@जुनाखेळाडू, आणि आता शेठही उभे, बसलाय ॲपवाला. ऑनलाईन घाऊकवाल्यांना आमच्यापेक्षा स्वस्त भाव देता म्हणून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटरांनी काही माल उचलायचं बंद केलं होतं, आठवतंय का? त्या काळात मधे सापडला होता तो टीएसओच. दुकानदार ॲपवरचा भाव दाखवतो, शेठ दार बंद करतो, वरनं साहेब विचारतो मार्केटमध्ये काय चाललंय.

फौंड्रीवाला
शिरोलीत काम करतो. धुरात पोरगं काळं पडतंय वगैरे काही नाही, खरेदी खात्याचं ऑफिस वेगळं असतंय, एसी आहे. स्क्रॅपचे भाव, पिग आयर्न, कोक, सप्लायरशी घासाघीस. यातही शिकायला आहे. आणि संध्याकाळी साडेसहाला घरी. बाहेरगावची बदली नाही. फक्त पाहुण्यांना सांगताना 'ऑटो कंपोनंट इंडस्ट्री' म्हणा.

तांबडापांढरा
हाण्ण!

मुंबईतला_कोल्हापुरी
बीटवाला यांचा बाक आणि व्हरांड्याचा मुद्दा मान्य. माझं लिहिणं पेरोलवरच्यांपुरतं होतं. तरीही वय बावीस-तेवीस असेल तर दीड-दोन वर्षं बीट मारलेल्या पोराला पुढं दुसऱ्या कंपन्या हात जोडून घेतात, हे मी मुलाखती घेताना बघतो. सेकंडरीचे आकडे ज्याला तोंडपाठ आहेत त्याला वेगळाच मान असतो. फक्त चार वर्षं तिथंच बसून राहू नये.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. भाचा सगळं वाचतोय, खातं काढायला लाजतोय.

लक्ष्मीपुरीकरांशी निरोपातून बोलून त्याला त्यांच्या एका सेल्समनबरोबर कळे बाजारच्या बीटवर पाठवला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेला, रात्री आला तो शर्टाची बाही काळी आणि आवाज बसलेला. एका दुकानात सेल्समन आणि दुकानदाराचं वीस मिनिटं भांडण झालं, एका साबणाच्या स्कीमच्या चौदा रुपयांवरनं, आणि भांडण संपल्यावर दोघांनी मिळून भाच्याला भजी चारली. त्याला ते फार आवडलेलं दिसतंय.

पगारपत्रक ताईंनी पत्र बघितलं. टीए वेगळा आहे, किलोमीटरवर, पण महिन्याला वरची मर्यादा आहे आणि राधानगरी-गगनबावडा फिरलं तर ती वीस तारखेलाच संपणार. मेडिक्लेम आहे, आईवडील नाहीत. करार अकरा महिन्यांचा. एजन्सीला त्यानं स्वतः फोन करून दोन गोष्टी लेखी मागितल्या. टीएची मर्यादा वाढवून दिली, थोडीच. ऑन-रोलबद्दल लेखी काही देत नाहीत. घ्यायची म्हणतोय तो. ताई नाराज नाही, दाजी खूश आहेत, मला अजून धाकधूक आहे.

पगारपत्रक
अकरा महिन्यांनी नवीन पत्र देतील तेव्हा जुन्या पत्राची आणि पगाराच्या सगळ्या स्लिपांची प्रत जपून ठेवायला सांगा. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) एकच राहील हे बघा, दुसरा काढू देऊ नका.

बीटवाला
भाचा, वाचतोयस तर ऐक. पहिल्या महिन्यात साहेबाला 'होईल सर' म्हणू नकोस, 'एवढं होईल' म्हण आणि आकडा सांग. पहिल्याच महिन्यात जो सगळं करून दाखवतो त्याच्यावर पुढच्या महिन्यात दीडपट टाकतात. आणि रेनकोट चांगला घे, दोन तुकड्यांचा.

गारगोटीवाला
आमच्याकडं त्याची बीट नाही, बरं झालं. उंदीर वाचला.

लक्ष्मीपुरीकर
भाच्याच्या टीमला गगनबावडा बीटला सेल्समनच नाही सध्या, आधीचा पोरगा पतसंस्थेत लागला. तिकडच्या गावचा कुणी असेल तर कळवा. गाडी स्वतःची पाहिजे, लायसन पाहिजे, पगार आणि पेट्रोल समोर बसून ठरवू.